फेणेच्या आधीचे भागवत

भा. रा. भागवत (1910–2001) हे नाव निघालं की पाठोपाठ सायकल येते, किडकिडीत बनेश फेणे येतो आणि त्याचं ते ‘ट्टॉक्’ही. मानसपुत्राने लेखकालाच झाकून टाकावं, असं मराठीत फार थोड्यांच्या वाट्याला आलं. पण आधीचे भागवत वगळून फेणे नीट कळत नाही. ‘बालमित्र’ मासिक चालवताना आणि ज्यूल व्हर्न मराठीत आणताना कथानकाची दोरी कुठे ढील द्यायची, कुठे खेचायची, हे त्यांच्या हाताला बसलं होतं. व्हर्नचे नायक चंद्राकडे झेपावतात, पृथ्वीच्या पोटात उतरतात. तोच थरार भागवतांनी फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेल्या पोराच्या हवाली केला. साहसाला परमुलूख लागत नाही, प्रतापगडही पुरतो! त्यांची खरी कमाई मला ही वाटते. फेणेचा वेग त्यानंतरचा.

हा सगळा इंग्रजी किशोरकथांचा मराठी अवतार, असं कुणी म्हणेल. मोठ्यांचा पहारा सैल करणारी निवासी शाळा ही युक्ती तिकडचीच, हे कबूल. योगायोगांची रेलचेल आहे, मुलींना वाव कमी आहे. त्याची वकिली करण्यात अर्थ नाही. मात्र भागवत स्वतःच गोष्टीत पात्र होऊन बसतात आणि फेणेच्या करामती ऐकतात, तेव्हा एक मोठा माणूस पोराच्या शब्दावर विश्वास ठेवताना दिसतो. हे उसनं वाटत नाही. शिवाय पुस्तकवेडा बिपिन बुकलवारही त्यांचाच, त्यामुळे केवळ धावपळीचा लेखक हा शिक्का त्यांच्यावर बसत नाही.

दुसरा आक्षेप आजचा: शाळा, क्लास आणि सोसायटीचं फाटक यांत दिवस जाणाऱ्या बोरिवली-मुलुंडच्या मुलाला हा मोकाट फेणे खरा कसा वाटावा? पण लोकलच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या उपनगरांत तो तेव्हाही कुठे खरा होता? घरून मिळत नाही ती मोकळीक पुस्तकात मिळे, म्हणून तर तो वाचला जाई. दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवनचा फेणे शाळकरीच राहिला. 2017च्या चित्रपटात अमेय वाघचा फेणे तरुण झाला. चित्रपट चांगलाच वेगवान आहे, पण मोठ्यांच्या जगात शाळकरी पोराने नाक खुपसण्यातली गंमत तिथे उरत नाही. तरुणाने गुन्हा शोधला तर त्यात नवल ते काय?