रक्षकांचा आत्मनाश

एच.आय.व्ही. हा विषाणू रक्तातील सीडी-४ नावाच्या रक्षक पेशींचा संहार करतो, हे आपण ऐकलेच असेल. विषाणू पेशीत शिरतो, वाढतो आणि तिला मारतो, असा पुष्कळ वर्षे समज होता. परंतु सॅन फ्रान्सिस्को येथील ग्लॅडस्टन संस्थेच्या संशोधकांनी मानवी टॉन्सिल व प्लीहा यांच्या ऊतींवर प्रयोग करून २०१४ साली निराळेच दाखविले. मरणाऱ्या पेशींपैकी शेकडा ९५ हून अधिक पेशींत विषाणूची वाढ झालेलीच नसते. विश्रांत पेशीत त्याची जननद्रव्याची नक्कल अर्धवट राहते. तो तुकडा ओळखून पेशी स्वतःच फुटते आणि दाहक द्रव्ये बाहेर टाकते. त्या हाकेने नव्या पेशी धावून येतात व त्याच मार्गाने मरतात. आग विझवावयास आलेले शेजारीच आगीत सापडावेत, तसे हे होय.

घनमिलिमीटरला २०० हून कमी पेशी उरल्या की त्या अवस्थेस एड्स म्हणतात. तिथवर वाट का पाहावी? औषधे विषाणूची वाढ रोखतात. आग पसरत नाही. भारतात ती २००४ पासून सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळू लागली आणि २०१७ पासून निदान होताच सुरू करण्याचे धोरण आहे. तेव्हा लज्जेपायी तपासणी लांबणीवर टाकू नये, एवढीच विनंती.