आज्ञावलीचे लेखनिक : संकलक आणि भाषा-प्रारूप

माहिती चौकट

• १९५२ : ग्रेस हॉपर यांची ‘ए-०’ प्रणाली. संकलकाच्या, म्हणजे कंपायलरच्या, कल्पनेचा आरंभ बहुधा येथूनच धरतात.

• १९५७ : आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या चमूने सिद्ध केलेली फोरट्रान भाषा प्रसृत झाली, आणि जी गणिती सूत्रे तोवर यंत्राच्या अंकभाषेत ओळीओळीने उतरवावी लागत, ती जवळजवळ कागदावरच्या रूपातच संगणकाच्या हवाली करता येऊ लागली. प्रोग्रामरचा पेशा त्यानंतर आटला नाही, विस्तारला.

• मुख्य भेद : संकलक ठरीव नियमांचा ताबेदार, मूळ मजकूर तोच, तर तर्जुमाही तोच. भाषा-प्रारूप, म्हणजे लँग्वेज मॉडेल, मात्र पुढे कोणता शब्दांश येणे संभवनीय आहे याच्या अदमासाने लिहीत जाते, म्हणून एकाच मागणीला दोन वेळा दोन निराळी उत्तरे मिळू शकतात आणि दोन्ही सारखीच सफाईदार दिसतात.

• तपासणीचा मासला : चाराने भाग जाणारे प्रत्येक वर्ष लीप, एवढ्यावरच थांबलेली आज्ञावली २०२४ साली बरोबर ठरते, २००० सालीही (योगायोगाने) बरोबर ठरते, आणि १९०० साली चुकते, कारण शतकवर्षास ४०० ने भाग जावा लागतो. असा दाखला चाचणीत घालणे आणि चुकीचा जाब देणे मनुष्याच्याच जिम्मे आहे.

• भाषा-प्रारूपावर चालणारे सहायक : गिटहब कोपायलट, जून २०२१ (चाचणीपुरता), चॅटजीपीटी, ३० नोव्हेंबर २०२२.

• व्हाइब कोडिंग : प्रारूपाने लिहिलेली आज्ञावली बारकाईने न वाचताच स्वीकारीत जाणे. संज्ञा आंद्रेय कारपथी यांची, फेब्रुवारी २०२५.