खिडक्यांच्या पडद्यावरचा खेळ

अंधारात एक दिवा विझून लगेच शेजारचा लागला, की प्रकाशच सरकल्यासारखा वाटतो. २००१ मध्ये जर्मनीतल्या ‘केऑस कॉम्प्युटर क्लब’ने २०व्या वर्धापनदिनानिमित्त या भासावर ‘ब्लिंकनलाइट्स’ नावाची दिव्यांची मांडणी उभारली. बर्लिनच्या अलेक्झांडरप्लाट्झ चौकातील ‘हाउस देस लेरर्स’ इमारतीचे वरचे ८ मजले त्यांचा पडदा झाले. मजल्यागणिक १८, म्हणजे एकूण १४४ खिडक्या.

स्वच्छ काचेतून नुसता दिवा दिसतो, म्हणून काचांना पांढरा रंग दिला. रंगामुळे उजेड पसरतो आणि अख्खी चौकट उजळते. प्रत्येक खिडकीमागचा दिवा संगणक चालू-बंद करी. रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या सुट्या चौकटींची दुरून आकृती होते. मधल्या जागा मेंदूच भरतो.

खरी कल्पकता पुढे आहे. या पडद्यावर व्हिडिओ गेमही खेळता येई, आणि त्यासाठी वेगळे यंत्र लागलेच नाही, कारण मोबाइल खिशात होताच. ठरलेल्या क्रमांकावर फोन करून बटण दाबले, की त्या बटणाचा ठरावीक सूर संगणक ओळखे आणि ‘पाँग’ या गेममधली फळी वर-खाली सरके. अनोळखी माणसे भर चौकात इमारतीशी खेळू लागली. लोकांनी स्वतः रचलेली चलचित्रेही तिथे झळकत. फेब्रुवारी २००२ मध्ये हे दिवे उतरवण्यात आले.