तारेत फिरणारे आकडे

रस्त्याकडेच्या डीपीजवळून, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरजवळून, जाताना तिची गुणगुण तुम्ही ऐकली असेल. आतमध्ये चाक नाही, पंखा नाही, तरी आवाज येतो. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातल्या लोखंडात चुंबकत्व चढले-उतरले की ते लोखंड केसभराहूनही कमी, पण खरोखरच लांब-आखूड होते. आपल्याकडच्या विजेमुळे हे सेकंदाला शंभर वेळा घडते आणि त्याचा हुंकार कानावर येतो. लोखंडाचा हा गुण जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1842 साली दाखवून दिला. त्यानंतर सुमारे एकशेवीस वर्षांनी, अमेरिकेत, याच गुणावर एका टेबलावरच्या कॅल्क्युलेटरची अख्खी स्मरणशक्ती उभी राहिली.

त्या यंत्राचे नाव फ्रिडेन ईसी-130. कॅलिफोर्नियातल्या सॅन लिअँड्रो गावची फ्रिडेन कंपनी तोवर दातेरी चाकांची गणकयंत्रे बनवण्यासाठी प्रसिद्ध होती. तिचा संस्थापक कार्ल फ्रिडेन मूळचा स्वीडनचा. त्याच्या यंत्रांत विजेची मोटर असे, पण हिशेब चाकेच करत. मोठा भागाकार घातला की यंत्र खडखडत राही आणि कारकून उत्तराची वाट बघत बसे. 1961 साली ब्रिटनमध्ये ‘अनिता’ हा पहिला इलेक्ट्रॉनिक टेबल-कॅल्क्युलेटर बाजारात आला, तो काचेच्या नळ्यांवर चालणारा. फ्रिडेनचा अभियंता रॉबर्ट रेगन याने नळ्या सोडून ट्रान्झिस्टर घेतले. 1963 साली त्याचे यंत्र लोकांसमोर आले. टीव्हीसारखा पाच इंची पडदा, त्यावर एकाखाली एक चार ओळी, प्रत्येक ओळीत तेरा अंकी संख्या. किंमत 2,200 डॉलर, म्हणजे चाकांच्या चांगल्या यंत्राच्या जवळपास तिप्पट.

रेगनपुढची खरी अडचण बेरीज-वजाबाकीची नव्हती. आकडे ठेवायचे कुठे, ही होती. चार ओळी, प्रत्येकीत तेरा अंक, आणि एका अंकाला चार बिट धरले तरी 208 बिट होतात. ट्रान्झिस्टरच्या मंडळात एक बिट लक्षात ठेवायला किमान दोन ट्रान्झिस्टर लागतात. म्हणजे नुसते आकडे सांभाळायला चारशेहून अधिक ट्रान्झिस्टर, शिवाय त्यांचे डायोड आणि रेझिस्टर. त्या यंत्रात एकही चिप नव्हती. प्रत्येक सुटा भाग विकत घेऊन पट्टीवर डाख देऊन बसवायचा होता. एवढे भाग वाढवले असते तर किंमत आणखी फुगली असती.

रेगनने वापरली एक लांब तार. तिचे वेटोळे करून ते यंत्राच्या पोटात ठेवले.

अशा तारेच्या एका टोकाला निकेलच्या दोन बारीक पट्ट्या, दोन बाजूंना, जोडलेल्या असतात. पट्ट्यांभोवतीच्या वेटोळ्यांतून विजेचा क्षणिक झटका सोडला की ज्यूलने पाहिलेलीच करामत घडते. एक पट्टी लांबते, दुसरी आखडते आणि दोघी मिळून तारेला किंचित पीळ देतात. तो पीळ तारेतून पुढे धावत सुटतो. दुसऱ्या टोकाला पोचला की तिथल्या पट्ट्यांना ताण बसतो, त्यांचे चुंबकत्व बदलते आणि भोवतीच्या वेटोळ्यात विजेची इवलीशी लहर उमटते. पीळ आला तर ‘एक’, त्या क्षणी काहीच आले नाही तर ‘शून्य’. आलेली क्षीण लहर मोठी करायची, तिच्या कडा साफ करायच्या, घड्याळाच्या ठोक्याशी जुळवायची आणि पुन्हा पहिल्या टोकाला सोडायची. टोकाशी पोचलेला पीळ उलटा फिरून गोंधळ करू नये म्हणून तिथे तो जिरवणारा मऊ दाब ठेवलेला असतो.

दुकानात पाठवलेले लहान मूल ‘पावकिलो साखर, दोन नारळ’ असे वाटभर घोकत जाते. घोकणे थांबले की विसरते. या यंत्राची आठवण तशीच आहे. आकडा एका जागी लिहून ठेवलेला नाही. तो सतत तारेतून वाहतो आहे आणि प्रत्येक फेरीला नव्याने म्हटला जातो आहे.

पिळाची लाट अशा धातूत सेकंदाला साधारण तीन किलोमीटर जाते. तार पंधरा मीटर धरली, तर एका फेरीला पाच हजारांश सेकंद लागतात. विजेच्या मानाने ही बैलगाडीची चाल झाली, आणि नेमका इथेच मला रेगनचा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. विजेला वेगाने धावता येते म्हणून दौडवायचे नाही. समोर माणूस बसला आहे, त्याचे बोट एका बटणावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत तारेतले आकडे कित्येक फेऱ्या मारून येतात. आकडे एकापाठोपाठ एक येत असल्यामुळे प्रत्येक घरासाठी वेगळे बेरजेचे मंडळही लागत नाही. आपण पाटीवर एककापासून सुरुवात करतो, हातचा बाजूला ठेवतो आणि पुढच्या घराकडे वळतो, तसेच एकाच मंडळाने भागते. पडद्यालाही हे सोयीचे. त्यावर उमटलेला उजेड लगेच विझतो, म्हणून अंक सेकंदाला अनेक वेळा पुन्हा रेखावे लागतात, आणि अंक तर फिरून फिरून येतच असतात.

ही युक्ती अगदी नवी होती असे नाही. केंब्रिजच्या 1949 सालच्या एडसॅक संगणकात पाऱ्याने भरलेल्या नळ्यांतून ध्वनिलहरी फिरवून आठवण ठेवली जाई. पण पारा जड, महाग आणि विषारी. तारेचे वेटोळे टेबलावरच्या यंत्रात मावते.

पडद्यावरच्या चार ओळींचे काय प्रयोजन? ती होती संख्यांची चळत. नवी संख्या खालच्या ओळीत येई, आधीच्या वर सरकत. या यंत्रात क्रिया संख्यांच्या आधी किंवा मध्ये नाही, नंतर सांगायची. तीन, चार, मग अधिक. पडद्यावर सात. पाच, सहा, मग अधिक. खाली अकरा, वर सात. आता गुणिले दाबा, सत्त्याहत्तर. कंसाची गरज नाही, मधले उत्तर कागदावर टिपायची गरज नाही. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी 1920च्या दशकात क्रियेचे चिन्ह आधी लिहिण्याची पद्धत काढली होती, तिचेच हे उलटे रूप. अमेरिकी ग्राहकाला ते शिकून घ्यावे लागे. मराठी माणसाला त्यात परके काही वाटू नये. आपण ‘तीनात चार मिळव’ असेच म्हणतो. क्रियापद शेवटी.

कॅल्क्युलेटरच्या बाजारात ही पद्धत ईसी-130नेच आणली. 1965 साली इटलीच्या ऑलिव्हेटीचे प्रोग्रामा 101 आले, त्याची आठवणही अशाच तारेत होती. 1972 साली ह्युलेट-पॅकार्डने 395 डॉलरला खिशात मावणारा एचपी-35 विकायला काढला. त्यातही चार संख्यांचीच चळत होती, पण ती चिपमध्ये, आणि दिसायची फक्त एक ओळ. चिपा स्वस्त होत गेल्या आणि कॅल्क्युलेटरमधून तार गेली.

पीळ उठताना आणि धावताना कानाला काहीच ऐकू येत नाही. ईसी-130 चालू असताना तारेत चारही ओळी अखंड फिरत असतात. बटण बंद केले की शेवटचा पीळ टोकापर्यंत जातो, तिथल्या मऊ दाबात जिरतो आणि चारही ओळी पुसल्या जातात.