आधी खांदा, मग रंग

तयार शर्ट घालून बघताना पहिली नजर खांद्यावर जाऊ द्या. शिवण खांद्याच्या हाडापाशी संपली पाहिजे. बाही आखूड करणं, कमरेत आत घेणं ही कामं नाक्यावरचा टेलरही करून देतो; खांदा उतरलेला असेल तर मात्र बाह्या उसवून सगळंच नव्याने बसवावं लागतं. असा शर्ट दुकानातच राहू द्यावा, सेल कितीही मोठा असो.

बाहेर सोडायचा शर्ट पँटच्या मागच्या खिशाच्या मध्यापर्यंत आला की पुरे. त्याहून फार लांब असेल तर खोचा.

रंगांचा घोळ घालू नये. नेव्ही, राखाडी किंवा खाकी पँटवर पांढरा नाहीतर फिका निळा शर्ट सहसा चुकत नाही.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत सुती किंवा लिननच बरं. लिनन चुरगळणारच, त्याची लाज कशाला? त्याखाली २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी शोभते (मोजे न घालता, हे सांगायला नकोच). पावसाळ्यात मात्र ती कपाटात ठेवा. वनस्पतींच्या सालीने कमावलेलं चामडं भिजलं की फुगतं आणि आकार सोडतं.