सफेद मुसळी : मुळी चांगली, पण पुडीचे काय?

थंडी सुरू झाली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा पन्नाशीच्या आसपासचा असतो. खोकला, गुडघे वगैरे सांगून झाले की दाराकडे एकदा पाहून हळूच म्हणतो, "डॉक्टरसाहेब, मुसळी घेतली तर चालेल का?" एखादा शेतकरी मात्र तोच शब्द मोठ्याने उच्चारतो : "मुसळी लावावी म्हणतो, परवडेल का?" आज दोघांसाठीही लिहितो.

सफेद मुसळी ही बहुवर्षायू रानवनस्पती. उन्हाळाभर ती जमिनीखाली मुळ्यांच्या रूपात निजलेली असते. पहिल्या पावसाबरोबर गवताळ उतारावर आणि विरळ जंगलात तिची लांबट पाने गवतातून वर येतात, पांढऱ्या फुलांचा तुरा येतो आणि थंडीच्या तोंडावर सगळे वाळून जाते. तिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम. हे नाव आपल्या मुंबईच्या बोरिवलीवरून पडले. १९५० नंतरच्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी तिची शास्त्रीय नोंद केली. पावसाळ्यात आपण फोडशीची भाजी खातो, ती याच गोतातली. काळी मुसळी मात्र अगदी वेगळी वनस्पती आहे.

मुळ्यांत पिष्टमय पदार्थ, थोडी प्रथिने आणि सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. चमचाभर चूर्ण दुधातून घेण्याची पद्धत जुनी आहे आणि निरोगी माणसाला त्यात सहसा अपाय नाही. पण ताकदीचे जे दावे केले जातात, त्यांना आधार मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांचा. माणसांवरचे प्रयोग थोडे आणि लहान. मुसळीपाकात तर साखर आणि तूप भरपूर, म्हणजे मधुमेह्याने औषध समजून मिठाईच खाल्ल्यासारखे.

माझी खरी काळजी पुढेच आहे. चाळिशी-पन्नाशीत पुरुषाला ही तक्रार सुरू झाली, की ती नेहमी 'अशक्तपणा'च असते असे नाही. त्या भागातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे चरबी साचून अडथळा झाला तर त्याची चाहूल तिथे आधी लागू शकते. हृदयाचे दुखणे दोन-चार वर्षांनी पुढे येते. मधुमेहात तर ही तक्रार फारच आढळते. तंबाखू, दारू, रक्तदाबाच्या काही गोळ्या, मनावरचा ताण हीही कारणे असतात. लाजेपायी वर्षभर पुड्या खाणाऱ्या माणसाची साखर तपासली तर तीनशेच्या घरात निघते, असे मी अनेकदा पाहिले आहे. तेव्हा आधी रक्तातील साखर, रक्तदाब, चरबी तपासून घ्या, जरूर तर हृदयाचा आलेखही काढा. त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि डॉक्टर ही गोष्ट चावडीवर सांगत नसतो.

दुसरा धोका पुडीतला. 'एका रात्रीत गुण' अशी जाहिरात करणाऱ्या वनौषधींच्या पुड्यांत आणि कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल हे रासायनिक औषध लपवून मिसळल्याचे अनेक देशांत तपासणीत सापडले आहे. मुसळीचा असा तासाभरात गुण येत नाही. तो आला तर संशय घ्या. छातीत दुखल्यावर जिभेखाली धरायची नायट्रेटची गोळी ज्यांना चालू आहे, त्यांच्या पोटात असे मिश्रण गेले तर रक्तदाब एकदम कोसळून जीवावर बेतू शकते. याशिवाय मुसळी म्हणून शतावरीच्या सोललेल्या मुळ्या विकणारेही आहेत, पण ती फसवणूक निदान खिशापुरतीच.

आता लागवडीचे. रानातली मुसळी बेसुमार खणली गेल्याने दुर्मीळ झाली, म्हणून लागवड व्हायला हवी हे खरे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने प्राधान्य दिलेल्या ३२ वनस्पतींत तिचे नाव होते. पण २००० च्या आसपास 'बियाणे आमच्याकडून घ्या, माल आम्हीच उचलू' असे सांगणाऱ्यांनी बियाणे सोन्याच्या भावाने विकले आणि माल तयार झाला तेव्हा ते गावात दिसेनात. खरेदीदार आधी, वाफे नंतर.

जमीन निचऱ्याची हवी, पाणी साचले की मुळ्या कुजतात. जूनमध्ये गादीवाफ्यावर लावतात. बी फार कमी उगवते, म्हणून मुळ्यांनीच लागण करतात. प्रत्येक मुळीला वरच्या गड्ड्याचा तुकडा हवा, नाहीतर कोंब येत नाही. पाने वाळल्यावरही मुळ्या काही आठवडे जमिनीतच राहू द्यायच्या. काढणीनंतर त्या एकेक करून हाताने सोलाव्या लागतात. हे काम बहुतेक बायाच करतात, आणि नफ्याचे आकडे सांगणारे ही मजुरी हमखास विसरतात. पाच-सहा किलो ओल्या मुळ्या सोलून वाळवल्या की जेमतेम किलोभर माल हाती लागतो.

घरापुरते दोन वाफे लावायचे तर खुशाल लावा. पुढच्या वर्षाच्या बियाण्याच्या मुळ्या मात्र सोलू नका. गड्ड्यासकट सावलीत, कोरड्या वाळूत ठेवल्या तर जूनपर्यंत टिकतात.