साल्सा : एकवर की दोनवर?

लग्नाच्या संगीतासाठी साल्सा शिकायचे ठरवलेले एखादे तरुण जोडपे घ्या. दोघांची ऑफिसे वेगळी, सुटण्याच्या वेळा वेगळ्या. म्हणून ती नोएडातल्या वर्गात नाव घालते आणि तो गुरुग्राममधल्या. दोन महिन्यांनी दिल्लीत सरावाला एकत्र उभे राहिल्यावर पहिल्याच फेरीत गुडघ्यावर गुडघा आपटतो. कार्यक्रम तर आठवड्यावर आलेला! दोष दोघांचाही नाही. तिला ‘एकवर’ शिकवले आहे, त्याला ‘दोनवर’.

साल्साची मोजणी 8 मात्रांची. 1, 2, 3 आणि 5, 6, 7 वर पाऊल पडते, 4 व 8 वर बहुधा विसावा. खरा फरक दिशा बदलणाऱ्या पावलात आहे. लॉस एंजेलिस पद्धतीत ते 1 आणि 5 वर येते. पहिली मात्रा कानाला चटकन सापडते, म्हणून नवशिक्यांना हीच पद्धत सोपी जाते. न्यूयॉर्क पद्धतीत दिशा 2 आणि 6 वर बदलते. काँगा ढोलाची जोरकस थाप दुसऱ्या मात्रेवर पडते, नाचणारे तीच धरतात. कथक शिकलेल्या मुलींना समेवर येण्याची सवय असते, त्यामुळे त्यांना हे आधी चुकल्यासारखेच वाटते. 1950 च्या दशकात न्यूयॉर्कच्या पॅलेडियम बॉलरूममध्ये टिटो प्युएंटे यांच्या वाद्यवृंदावर मॅम्बो रंगत असे. दोनवरच्या नाचाचे मूळ तिथले. पुढे एडी टॉरेस यांनी तो मोजून शिकवण्याची पद्धत रूढ केली.

क्यूबाच्या ‘कासिनो’ची तऱ्हाच निराळी. वरच्या दोन्ही पद्धतींत जोडी एका सरळ पट्ट्यात नाचते, इथे ती एकमेकांभोवती फिरते. ‘रुएदा’त तर अनेक जोड्या गोल धरतात, एक जण हाळी देतो आणि सगळे एकदम जोडीदार बदलतात. संगीताच्या कार्यक्रमात हा प्रकार ठेवायचा का, हे घरच्या वडीलधाऱ्यांचा कल पाहूनच ठरवावे!

फी भरण्यापूर्वी शिक्षकांना थेट विचारा, ‘एकवर शिकवता की दोनवर?’ जोडीने नाचायचे असेल तर दोघांनी एकाच पद्धतीचा वर्ग धरावा. आधीच वेगवेगळे शिकला असाल तर एकाने बदलावे. पावले पुष्कळशी तीच राहतात, कान मात्र नव्याने तयार करावा लागतो. त्यासाठी पहिले काही दिवस नाचूच नका. गाणे लावून बसा आणि फक्त दुसऱ्या मात्रेवर टाळी द्या.